खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी

आमच्या घरातला टॅब्लेट गणपतीच्या आधी चार दिवस गेला. पुरता गेला असंही नाही. बटण दाबलं की दिवा लागायचा, नाव उमटायचं, नावाखाली उजेडाची एक रेघ इकडून तिकडं पळायची आणि ती पळतच राहायची. रात्री तसाच ठेवला तर सकाळी रेघ आपली पळतेच आहे. माणसाचं असं झालं तर आपण पाहुण्यांना फोन करतो. टॅब्लेटचं झालं तर पाहुणेच आपल्याला फोन करून सांगतात, "टाका की ते आता."

टाकायचा नव्हता, कारण तो आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. वय ७९. सगळी हयात कोल्हापुरात, भवानी मंडपाच्या पलीकडच्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. ऑफसेट आलं, मग संगणक आला, खिळे भंगारात गेले आणि आबा घरी आले. २०१३ च्या दिवाळीत धाकट्या भावानं त्यांना हा सात इंची टॅब्लेट आणून दिला. चार हजारांच्या आतला, चिनी, पाठीवरचं नाव पहिल्याच पावसाळ्यात पुसून गेलेलं. आबा त्यावर एकच गोष्ट करतात, बुद्धिबळ. रंकाळ्याला एक फेरी झाली, चहा झाला, की दोन डाव. अर्धा राहिलेला डाव झोपायच्या आधी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं मांडून ठेवतात. आम्ही हसायचो. आमचे फोटो, फोन नंबर, पासवर्ड सगळं ढगात असतं म्हणून.

स्टेशन रोडच्या एका गाळ्यात घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोरानं टॅब्लेट उलटा केला, सुलटा केला आणि मी आजोबांचा टांगा पासिंगला आणल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

"काका, सॉफ्टवेअर मारायला लागतंय."

मराठीत मारण्याला अंत नाही. आपण गप्पा मारतो, शिक्का मारतो, चक्कर मारतो, थापा मारतो आणि मेलेल्या टॅब्लेटला सॉफ्टवेअर मारून जिवंत करतो. इंग्रजीवाले याला फ्लॅश करणं म्हणतात. त्यात ती धमक नाही.

"मार की मग."

"फाइल पायजे की. ह्या मालाची फाइल गावत न्हाई. विषय खोल हाय." मग जरा आवाज उतरवून, "कशाला नाद करताय? सात हजारात नवा येतोय. ह्याचं दोनशे देतो, काचेसाठी."

कोल्हापुरात कुणाला 'कशाला नाद करताय' म्हणू नये. समोरचा तो नाद करूनच दाखवतो. टॅब्लेट पिशवीत टाकला आणि घरी आलो.

फाइलचा विषय मात्र खरोखर खोल निघाला. जुन्या संगणकात विंडोजची कुठलीही तबकडी घातली तरी चालायची. संगणक सुरू होतानाच आपल्या अंगावर काय काय दागिने आहेत ते स्वतः सांगतो. टॅब्लेट मुखदुर्बळ. पडदा कुठल्या तारेवर आहे, स्पर्श ओळखणारी चिप कुणाची आहे, बॅटरी किती भरली ते कुणाला विचारायचं, हे सगळं आधीच लिहून फर्मवेअरच्या पोटात ठेवावं लागतं. थोडक्यात, विंडोज हा रेडिमेड शर्ट आणि फर्मवेअर म्हणजे मापानं शिवलेला ब्लाउज. बाहेरून जुळ्या बहिणी दिसणाऱ्या दोन टॅब्लेटना एकमेकींचा ब्लाउज बसेलच असं नाही. आणि शिंपी बसलाय शेन्झेनला.

आबांना कसं सांगायचं म्हणून मी सोपं करत होतो. "आबा, याचं फर्मवेअर बदलायला लागेल."

"फर्मा?" आबा ताठ बसले.

ज्यांनी छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खिळे जुळवून झालेली आठ-सोळा पानं लोखंडी चौकटीत आवळून मशीनवर चढवायची, तो फर्मा. एकदा मशीन चाललं की त्यातला एक उलटा खिळा हजार प्रतींत उलटाच छापून निघणार. म्हणून फर्मा आवळायच्या आधी प्रूफ, पुन्हा प्रूफ आणि मालकाची सही. आबांनी फर्मवेअर अर्ध्या मिनिटात समजून घेतलं. वर विचारलं, "ह्याचं प्रूफ कोण तपासतंय?"

कुणी नाही, आबा. शेन्झेनला प्रूफ तपासत नाहीत. थेट मशीन.

बारा वर्षांत या टॅब्लेटला कंपनीकडून एकदाही अपडेट आला नाही. कंपनी शोधावी म्हटलं तर पाठीवरचं नाव पुसलेलं, खोक्यावरचा पत्ता धूसर आणि पावती तेव्हाच मागितली नव्हती. २०१९ च्या निवडणुकीत आमच्या जिल्ह्यात 'आमचं ठरलंय' ही घोषणा भिंतीभिंतीवर गाजली. टॅब्लेटवाल्यांचं त्याच्या कितीतरी आधी ठरलं होतं, फक्त त्यांनी भिंती रंगवल्या नाहीत. मोठ्या कंपन्यांना अलीकडं उपरती झाली आहे. गूगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं, सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला. युरोपनं तर कायदाच केला. २० जून २०२५ पासून तिथं बाजारात येणाऱ्या फोनला आणि टॅब्लेटला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायला लागतात. आपल्याकडं २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनाचा मुहूर्त साधून, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत, घरातली उपकरणं आहेत, गाड्या आहेत. पुसलेल्या नावांसाठी रकाना नाही.

गूगलनं ॲण्ड्रॉइडच्या आवृत्त्यांना नावं कशी दिली आठवतं का? कपकेक, डोनट, जिंजरब्रेड, आइस्क्रीम सँडविच, जेली बीन, किटकॅट. सगळं गोडधोड. पाय या नावापर्यंत आले आणि २०१९ ला पंगतच उठली, तेव्हापासून नुसते आकडे. आबांच्या ताटात जेली बीन पडलं होतं. जेली बीनला गूगलच्या सेवांनी २०२१ मध्ये हात दाखवला. त्याच्या मागून आलेल्या किटकॅटलाही २०२३ मध्ये. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला व्हॉट्सॲपनं पाचच्या खालच्या सगळ्या ॲण्ड्रॉइडला दार लावून घेतलं. टॅब्लेटच्या पोटातला एक काटा झिजला नव्हता, तरी तो म्हातारा ठरला. आबांना ५८ व्या वर्षी निवृत्तीचा कागद मिळाला तेव्हा त्यांनाही असंच वाटलं असणार. विचारलं नाही कधी.

बाय द वे, स्वस्त टॅब्लेटचं स्वप्न आपल्या सरकारलाही पडलं होतं. ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' दाखवला. सरकारला पडलेली किंमत २,२५० रुपये, आत ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि बोटानं दाबलं तर कळायचं, नखानं दाबलं तर लवकर कळायचं, असा पडदा. टीकेचा पाऊस पडला. मग काम पवईच्या आयआयटीकडं आलं आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' आला. विद्यार्थ्याला १,१३० रुपयांत. एक गिगाहर्ट्झचा कॉर्टेक्स ए८, ५१२ एमबी रॅम. आबांच्या टॅब्लेटची कुंडलीही तंतोतंत हीच, फक्त त्याचं उद्घाटन आमच्या सोप्यात नारळाच्या वडीवर झालं. ते आकाश आज कुठल्या कपाटात आहेत कोण जाणे. आबांचा निदान रेघ तरी पळवत होता.

असो. मागचं झाकण उघडलं. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून चारी बाजूंनी टकटक टकटक. कार्डाचा याहून चांगला उपयोग मला आजवर सापडला नव्हता. आत बॅटरी जरा फुगली होती, तळणीत पडलेल्या पापडासारखी. तिला टोचू नये, दाबू नये, देवासारखं लांबून नमस्कार करावा (पुढच्या आठवड्यात ती बदलून घेतली, ३५० रुपये). हिरव्या पाटीवर ऑलविनरची ए१३ चिप आणि कोपऱ्यात पांढऱ्या बारीक अक्षरात पाटीचं गोत्र, क्यू८८. हे गोत्र म्हणजे आपल्याकडचं काश्यप. ज्याला दुसरं सापडत नाही त्याचं हेच. शेन्झेनच्या कारखान्यांनी एकच सांगाडा गावभर वाटला आणि ज्यानं त्यानं आपापल्या नावाचं झाकण लावून विकला. क्यू८८ च्या पुढं बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा होता. तिथं नेमका काळा डिंक सांडलेला.

यंत्र खोलून बघायचा नाद कोल्हापूरला जुना. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. आम्ही तिथून रोज जातो आणि तिथं गाडी लावायला जागा नाही म्हणून चरफडतो. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला, तो खोलून बघितला आणि आपण कॅमेरा करायचा असं ठरवलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा उभा केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्या प्रोजेक्टरनं त्यांना 'हे उत्पादन उघडल्यास हमी रद्द होईल' असं म्हटलं नव्हतं. स्क्रू फिरवला की तो फिरत होता. आजच्या बऱ्याच टॅब्लेटमध्ये स्क्रू फिरतो, पण आतल्या सॉफ्टवेअरला कंपनीचं कुलूप असतं आणि किल्ली कंपनीच्या कमरेला. आबांच्या बेनाम टॅब्लेटला कुलूप घालायचे कष्टही कुणी घेतले नव्हते. गरिबाच्या घराला कडी नसते, त्याचा असाही फायदा.

फाइल सापडली. जिथून उतरवली तिथं 'डाउनलोड' लिहिलेली सहा हिरवी बटणं होती. त्यातली पाच मला कर्ज देत होती, लग्न जमवत होती किंवा माझा संगणक धोक्यात असल्याचं कळवत होती. सहावं खरं. चारशे एमबी, सात तुकड्यांत. अनोळखी माणसानं दिलेली फाइल घरातल्या यंत्राच्या थेट मेंदूत घालायची म्हणजे धाडसच, पण आबांच्या टॅब्लेटमधून कोण काय चोरणार? फार तर वजीर.

मग सुरू झाली रात्र पहिली. लॅपटॉप टॅब्लेटला ओळखेना. ड्रायव्हर टाकले, काढले, विंडोज ७ वाला जुना लॅपटॉप माळ्यावरून उतरवला, त्याला तीन वेळा चालू-बंद केला. दीड वाजता मुलगी पाणी प्यायला उठली, वायरकडं बघून म्हणाली, "बाबा, ही चार्जिंगची केबल आहे. हिच्यातून डेटा जात नाही." आत चार तारा लागतात, स्वस्तातल्या या केबलमध्ये दोनच होत्या. तिनं तिची केबल दिली आणि झोपायला गेली. पुढच्या पिढीचा आधार असतो तो असा.

रात्र दुसरी. या चिपवर सॉफ्टवेअर मारायच्या प्रोग्रॅमचं नाव फिनिक्ससूट. फिनिक्स म्हणजे राखेतून उठणारा पक्षी. नाव ठेवणाऱ्याला आपल्या गिऱ्हाइकांची दशा नेमकी माहीत होती. यात टॅब्लेट आधी राख करावा लागतो. कृती अशी. आवाज वाढवायचं बटण दाबून धरायचं. सोडायचं नाही. तसंच धरून केबल लावायची. मग दुसऱ्या हातानं पॉवरचं बटण टक टक टक टक, दहाएक वेळा. दोन हात टॅब्लेटला आणि तिसऱ्या हातानं केबल. तो तिसरा हात आबांचा. "दाबू?" "दाबा." "सोडू?" "अजून नका." एकविसाव्या शतकातलं एवढं प्रगत काम, आणि दिसायला हुबेहूब गाईची धार काढणं.

पडद्यावर चौकट आली. सक्तीनं फॉरमॅट करायचं का? हो किंवा नाही. हो म्हटलं की आतलं सगळं पुसलं जाणार. मी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "कर की. डाव लिवलेला हाय." कालनिर्णयच्या पाठीवर. बॅकअप नावाच्या गोष्टीवर आम्ही किती वर्षं हसत होतो ते मोजायचं मी टाळलं.

हिरवी पट्टी सरकू लागली. या मिनिटांत केबल हलली, लाईट गेली, मांजर आडवं गेलं, तर टॅब्लेटचं ब्रिक होतं म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट. आमच्याकडं विटेवर विठोबा तरी उभा आहे, या विटेवर पेपरवेट म्हणूनही कुणी विश्वास ठेवणार नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली, म्हणजे सगळा भरवसा महावितरणवर. आयुष्यात पहिल्यांदा मी एक पूर्ण हिरवी पट्टी भक्तिभावानं बघितली. ३० टक्के. ६२ टक्के. ६२ टक्के. ६२ टक्के. आबांनी टेबलावर ठेवलेला हात हळूच उचलून मांडीवर घेतला, धक्का नको म्हणून. १०० टक्के.

टॅब्लेट उठला. रेघ पळाली, थांबली, पडदा उजळला. सगळं चिनीत. तारीख १९७० सालची, म्हणजे यंत्राच्या लेखी इंदिराबाई पंतप्रधान आणि आबा ऐन पंचविशीत. पण उठला!

मी भाषा बदलायला डावीकडच्या चिन्हावर बोट ठेवलं. उजवीकडचं काहीतरी उघडलं. बंद करायला उजवीकडं दाबलं, डावीकडं कॅमेरा सुरू झाला आणि माझाच चेहरा दिसला. बघवला नाही. वर-खाली ठीक होतं, डावं-उजवं मात्र आरशासारखं पलटलेलं. काळ्या डिंकाखाली जो आकडा झाकला होता, त्यानं हिशेब चुकता केला होता. पाटी तीच, पण आमच्यावरची स्पर्शाची चिप वेगळ्या मापाची. कोल्हापुरात 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' हे शौर्यानं म्हणतात. आमच्या टॅब्लेटनं ते सूचनापुस्तिका म्हणून घेतलं.

अर्ध्या तासानं, उलट्या बोटांनी, मराठी लावली. त्यातही एक गंमत. 'ॲप' असेल तिथं '□प' दिसत होतं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ते या फाइलवाल्याच्या फाँटपर्यंत अजून पोचलं नव्हतं. म्हणजे ज्या ॲण्ड्रॉइडवर टॅब्लेट चालतो, त्याचं नावच त्याला मराठीत घेता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या जुन्या बायकांसारखं. आबांनी चष्मा वर करून चौकोन बघितला. "खिळा न्हाई काय तेच्याकडं? अ घ्यायचा, वर चंद्रकोर चढवायची. आम्ही तसंच करत होतो."

इंटरनेटवर नेऊन बघितलं. निम्म्या संकेतस्थळांनी दारातच अडवलं. हल्ली संकेतस्थळं सांकेतिक भाषेत बोलतात, ती नवी बोली जेली बीनला येते पण तो ती आपणहून बोलत नाही. आणि ओळखपत्रांवर ज्या जुन्या अधिकाऱ्याची सही टॅब्लेट ओळखत होता, तो अधिकारी ३० सप्टेंबर २०२१ ला निवृत्त झालेला. तलाठ्याची सही चालत नाही, नव्या ग्राम महसूल अधिकाऱ्याची आणा, त्यातला प्रकार. आबांना यातलं काहीच नको होतं. बुद्धिबळाची २०१४ सालची फाइल मेमरी कार्डात पडून होती, ती लावली. टॅब्लेटनं विचारलं, अज्ञात स्रोतांवर विश्वास ठेवायचा का? आमच्या भावकीच्या ग्रुपवर रोज सकाळी ठेवतोच, इथं काय अडचण आहे.

आबांनी कालनिर्णय उलटं धरून डाव मांडला. मी बाजूला बसून सांगू लागलो, डावीकडचा हत्ती हलवायचा असेल तर उजवीकडं बोट ठेवा, म्हणजे... आबांनी ऐकलंच नाही. बोट सरळ उजवीकडं गेलं, हत्ती डावीकडून निघाला. मग उंट. मग प्यादं. एकदाही चुकलं नाही. मी बघत राहिलो. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ३९ वर्षं हा माणूस आरशातलं मराठी बोटांनी वाचत होता.

चार दिवसांनी, तिसऱ्या रात्री, मला बरोबर फाइल मिळाली. तीच पाटी, तोच आकडा, स्पर्शाची चिपही आमचीच. सकाळी चहाच्या वेळी आनंदानं सांगितलं, "आबा, आज रात्री परत मारतो. डावं-उजवं सरळ होईल. ॲसुद्धा येईल बहुतेक."

"कशाला?"

"अहो, उलटं चाललंय ना."

"फर्मा चढलाय, मशीन चालू हाय," आबा म्हणाले. "आता कोण उतरवतोय. बस, डाव टाकू."

समोरासमोर खेळायची सोय त्यात होतीच. मी पांढरी घेतली. राजाच्या बाजूचा घोडा काढायचा म्हणून बोट ठेवलं आणि वजिराच्या बाजूचा घोडा उजळला. मी पटकन हात मागं घेतला.

"लावलास न्हवं हात?" आबा चहा बशीत ओतत म्हणाले. "मग चालव आता."